उज्वलाच्या हाताची चोच

"वळली! वळली! बघा, चोच झाली!"

सहाणेभोवती जमलेल्या शे-दीडशे माणसांनी एकदम गलका केला. शिमग्यात देवाची पालखी जिथे बसते, त्या दगडी चौथऱ्यावर आज भिकाजी भगत बसला होता आणि त्याच्यासमोर दिशाची आई, उज्वला. दोघांच्या मध्ये निखाऱ्यांचं धुपाटणं. उज्वलाचा उजवा हात हवेत ताठ झाला होता. अंगठा तळव्यात ओढलेला, चारही बोटं एकमेकांना चिकटून पुढे आलेली, थेट बगळ्याच्या चोचीसारखी. ती बोटं सोडवायला बघत होती आणि बोटं सुटत नव्हती.

"मी हात लावला काय?" भगताने गर्दीला विचारलं. "दोरा बांधला काय? नाय! नुसता निखारा फुंकायला लावला. निखारा काळा पडू द्यायचा नाय, एवढंच सांगितलं. आतली करणी आपणहून भायेर आली. आनि ही साधी करणी नाय मंडळी. ही डबल शिमची करणी! एक शिम घरातलं, एक भायेरचं. अवसेला आपोआप रिचार्ज होते!"

एरवी दिशा खो-खो हसली असती. दहावीच्या वर्गात तिच्या हसण्याबद्दल बाईंनी दोनदा तिची जागा बदलली होती. पण आज तिने आईच्या डोळ्यांकडे पाहिलं. त्या डोळ्यांत नुसती भीती होती.

भगताने उज्वलाच्या डोक्यावरून घोंगडी टाकली. "आता फुंकायचं नाय. तोंड मीट, देवाचं नाव घे." दहा मिनिटांनी घोंगडी काढली, तर हात मोकळा! बायकांनी हात जोडले.

"उतरली नाय अजून, दबली हाय," भगत म्हणाला. "पुढल्या रविवारी इथंच नाव फोडतो. करणारी लांबची नाय. एकाच ओटीवरची हाय. नाव फुटलं की तिनं वाडीत ऱ्हायचं नाय."

सगळ्या माना एकदम शकूकाकूकडे वळल्या.

शकूकाकू म्हणजे दिशाची चुलती. काका गेल्यापासून ती घराच्या पलीकडच्या अर्ध्या भागात एकटी राहायची, ओटी मात्र दोन्ही घरांना एकच. पोलादपूरची सकाळची एसटी चुकू नये म्हणून दिशाची वेणी रोज काकूच घालायची. त्या दिवशी काकू पदर खोचून ताडताड घरी गेली आणि दार लावून घेतलं. सोमवारी दिशा वेणीसाठी ओटीवर गेली, तर आतून उज्वला ओरडली, "तिच्या हातची वेणी नको! इकडं ये आधी!"

हे सगळं सुरू झालं मागच्या पावसात. वाडीच्या वरच्या डोंगराला भेग पडली. साहेब लोक आले, मोजमाप झालं, आठ दिवस सगळी वाडी शाळेत झोपली. मग धोका नाही म्हणून सगळ्यांना परत पाठवलं. बाकीची माणसं परत आली, पण उज्वलाचा कान डोंगरावरच राहिला. कुठे दगड खडखडला की तिच्या छातीत धडधड, घशात गोळा, हातापायांना मुंग्या. "मी मरते गो दिशा, मी मरते!" दिशाचे बाबा मुंबईला. ते फोनवरून फक्त "अगो, पानी पी" एवढंच म्हणू शकत.

पोलादपूरच्या डॉक्टर सुनीतीबाईंनी उज्वलाच्या छातीची ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "काही नाही. भीतीने होतंय." उज्वला तिथून रागाने लाल होऊन बाहेर पडली. "काय नाय म्हंजे? मी नाटक करते?" भगत निदान म्हणाला तरी, की आहे, तुला काहीतरी आहे! आई भगताकडे का गेली, ते दिशाला कळत होतं. म्हणून तर तिला जास्त राग येत होता.

बुधवारी शाळेत फुगड्यांची तालीम होती. दिशाचा पकवा सगळ्या तालुक्यात एक नंबर. फुगडी फिरताना तोंडाने 'पक पक पक' असा श्वासाचा ठेका धरायचा, तो पकवा. समोर मैत्रीण ओवी. दिशा हट्टाने थांबेचना. ओवीचा दम संपला, तरी ही एकटी उभ्याउभ्या पकवे घालतच होती. ओठ बधिर झाले. बोटांना मुंग्या आल्या. आणि मग तिच्या डोळ्यांदेखत तिचा अंगठा आत ओढला गेला, बोटं चिकटली.

चोच!

"ओवी, बघ! बघ ना!" दिशा घाबरायचं सोडून नाचायलाच लागली. दम घेत खाली बसली, तर थोड्या वेळात हात आपोआप मोकळा. मधल्या सुट्टीत ती तशीच गणवेशात सुनीतीबाईंच्या दारात.

"यात जादू नाही गं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "भराभरा श्वास सोडला, की अंगातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. थोडा आत राहायला हवा असतो. तो कमी झाला, की रक्तातल्या कॅल्शियमचा तोल बिघडतो, नसा चिडतात, बोटं वळतात. श्वास शांत झाला, की सगळं जागेवर येतं. भ्यालेला माणूसही असाच भराभर श्वास घेतो, त्याला कळतसुद्धा नाही."

"म्हणजे निखारा फुंकायला लावला, की कुणाचीही..."

"बहुतेकांची." बाईंनी तिला खुर्चीत बसवलं. "तुझ्या आईला मी 'काही नाही' म्हणाले, ते चुकलंच माझं. हृदय चांगलं आहे, पण त्रास खरा आहे, असं सांगायला हवं होतं. तिला घेऊन ये. तोवर हे कर: नाकाने श्वास घ्यायचा, मनात चार आकडे मोजून. सोडायचा सावकाश, सहा मोजून."

दिशाने घरी सांगून बघितलं. उज्वलाने तिच्या तोंडावर हात ठेवला. "गप! भगताचं तोंड वाईट हाय."

रविवारी सहाणेवर निखारे फुलले. उज्वला पुढे बसणार, तेवढ्यात दिशा उडी मारून चौथऱ्यावर चढली.

"पोरी, खाली उतर!" वाडीचे प्रमुख, गावकार कोंडाजी आजोबा काठी आपटत म्हणाले.

"आजोबा, पाच मिनिटं द्या. मग पटलं नाय तर तुम्हीच ढकला." आणि गर्दीकडे वळून ती ओरडली, "निखारा नाय, धूप नाय, मंत्र नाय. बघा सगळे!"

पक पक पक पक!

"गौरी अजून आल्या नायत गो!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. दिशा थांबली नाही. हळूहळू हसणं विरलं. दिशाने हात वर केला. चोच!

"बघा!" भगत टुणकन उठला. "त्या शकूनं पोरीवर पन टाकली!"

"थांबा की बाबा, अजून संपलं नाय." दिशा मांडी घालून बसली. घोंगडी नाही, देवाचं नाव नाही. आत चार, बाहेर सहा. सगळ्यांच्या समोर, लख्ख उन्हात, तिचं एकेक बोट सुटत गेलं.

गर्दीत कुजबुज झाली. भगत आवाज चढवून म्हणाला, "ती शकू पळाली बघा, आली पन नाय!"

"आलेय मी."

शकूकाकू गर्दी बाजूला सारत चौथऱ्यावर आली. धुपाटणं पदराने धरून पुढे ओढलं आणि चूल फुंकणाऱ्या बाईच्या जोराने निखारा फुंकायला लागली. फू, फू, फू. भगत म्हणाला, "ए बाई, बस कर." काकूने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कपाळावर घाम आला, मुंग्या झटकायला तिने हात हलवला. आणि मग तो हात तिने भगताच्या नाकासमोर धरला. अंगठा आत, बोटं चिकटलेली.

"करनी मी करते ना?" धापा टाकत काकू म्हणाली. "मग माझ्यावर कोनी केली? सांग रे, फोड नाव!"

भगत मागे सरकला. "ही... ही उलटलेली करनी..."

"मग तू फुंक," कोंडाजी आजोबा म्हणाले.

"मला गुरूची आन हाय."

"शिम बंद पडलं काय रे?" गर्दीतून आवाज आला आणि यावेळी सगळी वाडी हसली. भगताने धुपाटणं उचलायला हात घातला, ते तापलेलं होतं, हात पोळला. ते तिथेच टाकून तो मोटारसायकलकडे चालू लागला.

उज्वला मात्र खालीच उभी होती, मान खाली घालून. "म्हंजे माझं सगळं खोटंच होतं?"

दिशा उडी मारून खाली आली. "खोटं कसं? तुझी बोटं खरीच वळली, आई. माझी वळली, काकूची वळली. धडधड पन खरी. तू घाबरतेस, आनि डोंगराला घाबरण्यात लाज कसली? खोटं फक्त एकच. काकूचं नाव."

उज्वलाने जावेकडे पाहिलं. काही बोलायला गेली आणि तिचा श्वास तिथेच भराभर चालू लागला. शकूकाकूने वळलेल्याच हाताने तिचं मनगट धरलं. "नाकानं घे. पोरगी मोजतेय बघ. माझा पन हात सुटायचाय अजून, दोघी मिळून करू." दिशा मोठ्याने आकडे मोजत राहिली. सहाणेच्या पायरीवर दोघी जावा बसल्या होत्या आणि वाडी उभी राहून बघत होती.

दुसऱ्या दिवशी उज्वला स्वतःहून सुनीतीबाईंकडे गेली, बरोबर शकूकाकू. भीती एका दिवसात गेली नाही. पाऊस लागला, की छाती अजून धडधडते. पण आता ती चुलीपुढून उठत नाही. "धडधड तुला काय धडधडायचं ते," असं छातीलाच दरडावते, आकडे मोजते आणि भात ढवळते.

परवा वरच्या वाडीतली एक बाई भगताचा पत्ता विचारत ओटीवर आली. तिलाही मुंग्या, तिलाही घशात गोळा. उज्वलाने तिला पाणी दिलं, शेजारी बसवलं आणि म्हणाली, "आधी डॉक्टरकडं जाऊ, मी येते संगती. काय निघालं तर औषध घेऊ. नाय निघालं तर भीती हाय असं समजू, तिचा पन इलाज करतात. पन जो कोनी तुझं दुखनं दुसऱ्या बाईच्या नावावर लिवतो ना, त्याच्या दारात पाय ठेवू नको. चल, एसटी येईल."