उर्मिलावहिनींची यादी

“यादीतलं नाव बघून जाऊ नकोस. आत कोण बसलंय ते बघून जा,” सामानाच्या खोक्यांमध्ये उभं राहून उर्मिलावहिनींनी हिमानीला बजावलं होतं.

हिमानीने ते हसण्यावारी नेलं. म्हणाली, “वहिनी, तुम्ही तर दूधवाल्याचीसुद्धा मुलाखत घ्याल.”

“घेतली होती,” वहिनी म्हणाल्या आणि कागद तिच्या हातात ठेवला.

हवाई दलातल्या बायकांची ही रीतच. बदली झाली की मागे राहणारीला आपली यादी देऊन जायचं. ब्लाउज बरा शिवणारा शिंपी, गोडा मसाला मिळणारं दुकान, मुलांचे डॉक्टर. हिमानी काही हवाई दलातली नव्हे. नवरा अनिमेष मोहालीत सॉफ्टवेअर कंपनीत, घर झिरकपूरच्या आठव्या मजल्यावर. पण चंदीगडच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत वहिनींची गाठ पडली आणि पुढची तीन वर्षं तिचं माहेर चंदीगडातच होतं.

थंडीतल्या दुपारी वहिनींच्या क्वार्टरपुढच्या हिरवळीवर दोघी मटार सोलत बसायच्या. वहिनींच्या गालावर कांजिण्यांचा एक खड्डा होता. तो भरून घ्यायचं त्यांच्या मनात आलं आणि त्या हिवाळ्यात दोघींनी अख्खं शहर पालथं घातलं. वहिनींची पद्धत अजब होती. आधी सेक्टर ३२ च्या सरकारी हॉस्पिटलबाहेर चहा पिणाऱ्या नर्सना गाठायचं आणि विचारायचं, तुमच्या स्वतःच्या चेहऱ्याला कुणाला हात लावू द्याल? मग त्या क्लिनिकात जाऊन, नंबर न लावता, तासभर नुसतं बसायचं. डॉक्टरीणबाई आत किती वेळ असतात, मशीन कोण चालवतं, बाहेर येणारीचा चेहरा कसा असतो, सगळं बघायचं. रिसेप्शनवरच्या मुलीने हटकलं की वहिनी शांतपणे सांगत, “अभी सोच रहे हैं जी,” आणि हिमानी मासिकात तोंड लपवून हसे.

चार क्लिनिकं अशी बसून झाली. पाचव्यात डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या आणि तुम्ही दोघी कुणाबरोबर आलात, असं विचारून गेल्या. वहिनींनी तिथेच नाव नोंदवलं. जिचं बाकड्यावर लक्ष आहे तिचं कातडीवरही असेल, एवढाच त्यांचा हिशेब. पुढे तेच नाव यादीत आलं, आणि वहिनी बदलीवर आसामात जोरहाटला गेल्या.

मग जाई झाली आणि हिमानीच्या दोन्ही गालांवर वांग उठले. एरवी लेकीच्या अंघोळीच्या पाण्यात तीनदा कोपर बुडवून बघणारी ही बाई, पण स्वतःच्या वेळी तिने यादी उघडली आणि सरळ जाऊन खुर्चीत बसली. पाटी तीच होती. डॉक्टरीणबाई मात्र वर्षापूर्वीच तिथून गेल्या होत्या, हे तिला फार उशिरा कळलं. पांढरा कोट घातलेल्या मुलीने गोड बोलत लेसर मारला. अंगावर पाजता का, उन्हात फिरता का, काही विचारलं नाही. तीन आठवड्यांत उजव्या गालावर बिस्किटाएवढा काळा डाग उमटला.

दुसरं क्लिनिक निवडताना मात्र ती जाईला मांडीवर घेऊन तासभर बसली. मासिकात तोंड लपवावं असं काही घडेना. शेजारची खुर्ची रिकामी होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी भरपूर प्रश्न विचारले आणि सांगितलं की सहा महिने मशीनचं नाव काढायचं नाही, ऊन टाळायचं, धीर धरायचा. बाहेर पडताना हिमानीचे डोळे भरून आले, आणि ते काही डागामुळे नव्हतं.

पण हे तिने कुणाला सांगितलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गालावर जाड थर लावून गेली. तिथे मधुरिमा भेटली. नुकतं लग्न होऊन आलेली, नवरा डेराबस्सीच्या औषधांच्या कारखान्यात, घरही तिथेच. मुरुमांचे खड्डे भावाच्या लग्नाआधी भरायचे होते तिला. “ताई, तुम्ही सांगाल तिथे मी डोळे मिटून जाईन,” म्हणाली. त्या क्षणी चारजणी वहिनींच्या यादीचं कौतुक करत होत्या. खरं बोलणं हिमानीच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. तिने यादीचा फोटो पाठवून दिला.

शनिवारी सकाळी मधुरिमाचा मेसेज आला, आज अकराला लेसर आहे. हिमानीने फोन केला तर बंद. पुन्हा केला, बंदच. क्लिनिकातही कुणी फोन उचलेना. जाई तापाने फणफणलेली, अनिमेष पुण्याला. घाबरून तिने जोरहाटला फोन लावला आणि सगळं ओकून टाकलं. वहिनी रागावतील असं वाटलं होतं.

त्यांनी एवढंच विचारलं, “त्या नावावर काट का नाही मारलीस?”

“तुमचं अक्षर आहे वहिनी. नाही मारवली.”

मग वहिनी म्हणाल्या, “अगं, मला जिने यादी दिली तिच्या तीन नावांवर मीच काट मारली होती. आपण हलतो, तशी तीही माणसं हलतात. माझं अक्षर काय जपतेस? त्या पोरीला गाठ आधी.”

पावणेदहा झाले होते. हिमानीने तोंड साबणाने धुतलं, खिडकीशी उभं राहून उजव्या गालाचा फोटो काढला आणि मंडळाच्या बायकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं:

“हा माझा गाल. यादीतल्या क्लिनिकात गेले होते. आता तिथे त्या डॉक्टरीणबाई नाहीत. हे माहीत असूनही मी मधुरिमाला तेच नाव दिलं, चूक माझी आहे. आज अकराला तिचा तिथे लेसर आहे आणि फोन बंद आहे. मला लेकीला सोडून निघता येत नाही. हे वाचणारी जी कुणी डेराबस्सीच्या बाजूला असेल तिने कृपा करून मधुरिमाच्या दारावर थाप मारावी, ती घरी आहे का बघावं. निघाली असेल तर क्लिनिकात जा, बाहेर तिच्याशेजारी बसा. आत एकटी जाऊ देऊ नका.”