फाटकापर्यंतचं रेडिओ स्टेशन

"हे अजून कसे आले नाहीत रे?" आईने विचारलं, तेव्हा बाबा तिच्या पाठीमागेच उभे होते. ते खाकरले तशी ती दचकली आणि हातातला कप खाली पडून फुटला.

चूक माझी होती.

बाबा ड्रायव्हिंग शिकवतात. अर्ध्या गावाला त्यांनी क्लच सोडायला शिकवलं, पण त्यांच्या जुन्या गाडीत रेडिओखेरीज काही वाजत नसे. म्हणून मी त्यांना एफएम ट्रान्समीटर आणून दिला. लायटरच्या जागी खोचायचा, मोबाइलवर गाणं लावायचं, की ते रेडिओच्या एका रिकाम्या स्टेशनवर वाजतं. बाबांनी ८८.१ पकडलं. स्वतःचं स्टेशन म्हणून महिनाभर त्यांचा रुबाब काय विचारता!

त्याच सुमारास आईची नजर पार गेली. एकदा चाचपडत स्वयंपाकघरातल्या रेडिओचं बटण फिरवताना तिला बाबांचं गाणं सापडलं. तेव्हापासून तिने काटा हलवला नाही. गाडी फाटकाशी आली की रेडिओची खरखर थांबायची आणि गाणं लागायचं. "आलं बघ आमचं स्टेशन," म्हणत ती चहाचं आधण ठेवायची. नवरा घरी आल्याचं कुणी सांगायची गरज नाही, याचं तिला कोण अप्रूप!

आणि मी हौसेने बाबांना नवी गाडी घेतली. तिच्यात मोबाइलवरची गाणी आपोआप वाजतात. जुनी विकली, ट्रान्समीटरसकट. "ते डबडं कशाला आता?" असं मीच म्हणालो होतो.

कपाचे तुकडे उचलताना आई म्हणाली, "आता बसते मी सगळ्यांना विचारत, कोण आलं, कोण गेलं." ती हसतच बोलली, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन बाबा जुन्या गाडीच्या नव्या मालकाकडे गेले. तो त्यांचाच विद्यार्थी, परीक्षेत दोनदा आपटलेला. मास्तरांना बघताच त्याने मुकाट्याने ट्रान्समीटर काढून दिला.

परतताना बाबांनी तो नव्या गाडीत खोचला, मोबाइल जोडला.

"गाडीचा रेडिओ लावू का ८८.१ वर?" मी विचारलं.

"नको. गाडीत वाजलं की घरातलं ऐकू येत नाही."

फाटकाशी त्यांनी इंजिन बंद केलं, ट्रान्समीटर चालू राहावा म्हणून किल्ली अर्धी फिरवून ठेवली आणि काचा खाली केल्या. मोबाइलवर बोट टेकवलं. गाडीत चिडीचूप. मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून गाणं आलं आणि पाठोपाठ पातेल्यात पाणी ओतल्याचा आवाज.

"आलं बघ आमचं स्टेशन," आई म्हणाली. घरात दुसरं कुणीही नव्हतं.

मी दार उघडायला गेलो, तर बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला. "थांब, कडवं संपू दे तिचं."