रमाची वाक्यं

"बाबा, काही दाबू नका. आधी नीट वाचा," पुण्याहून अनुया फोनवर म्हणाली.

तोवर गुरुदत्तांनी बटण दाबलंही होतं. लॅपटॉपने इंग्रजीत विचारलं होतं, ही फाईल तुम्ही बदललेली दिसते, तिच्या जागी आमची नवी घालू का? त्यांनी 'वाय' दाबलं. गोदीच्या कचेरीत साहेबांनी पुढे केलेल्या कागदाला जन्मभर होकार दिला. ती खोड निवृत्तीनंतर नवीन पनवेलच्या या दोन खोल्यांतही मागोमाग आली होती.

पलंगावरून त्यांची बायको रमा पाहत होती. आजाराने तिचा आवाज गेला, मग हातपाय. उरलं होतं उजव्या हाताचं एक बोट आणि त्याखालचं बटण. दोन्ही हात चालत होते तेव्हाच तिने आपली वाक्यं लॅपटॉपमधल्या याच फाईलमध्ये भरून ठेवली होती. एक अक्षर निवडलं की अख्खं वाक्य ऐकू येई. 'ठ' म्हणजे 'ठसका लागलाय, उठवून बसवा.' परवा नेमका ठसका लागला आणि जुना प्रोग्राम अडकला. रमा काळीनिळी पडली. म्हणून आज हे अपग्रेड.

"एन दाबलंत ना बाबा? आपलीच फाईल ठेवा म्हणून?"

रमाने 'ठ' निवडून पाहिला.

"ठ," लॅपटॉप म्हणाला.

तिने पुन्हा दाबलं. "ठ."

"अनू, मी वाय दाबलं गं."

"बाबा! किती वेळा सांगितलं, आधी कॉपी काढून ठेवा."

"काढणारच होतो. काढताना काही बिघडेल अशी भीती वाटली."

मागे टकटक सुरू झाली. पडद्यावर अक्षरांची रांग सरकत होती. रमा हवं ते अक्षर आलं की थांबवायची, चुकायची, पुन्हा वाट पाहायची. तिच्या कपाळावर घाम आला. बऱ्याच वेळाने लॅपटॉप बोलला, "राहू द्या."

दोन शब्दांना एवढा वेळ. आता ठसका लागला तर? गुरुदत्तांना पुढचं काही दिसेना.

"बाबा, ऐकताय ना? रडू नका हो. जुनी फाईल ते सहसा फेकून देत नाहीत, शेजारीच ठेवतात. बघा, तेच नाव आणि शेवटी 'ओल्ड'."

होती. अनुया एकेक अक्षर सांगत गेली, गुरुदत्त मोठ्याने म्हणत टाइप करत गेले. पुन्हा प्रश्न आला, नवीवर जुनी घालू का? त्यांचं बोट बटणावर थांबलं. या वेळी ते वळले.

"रमा, घालू?"

तिने सावकाश डोळे मिटून उघडले.

लॅपटॉप पुन्हा सुरू झाला. "ठसका लागलाय, उठवून बसवा." गुरुदत्त धडपडत उठले.

पण ठसका लागलाच नव्हता, आणि रमाचं बोट थांबलं नव्हतं. रांग सरकत 'च'पाशी आली.

"चष्मा डोक्यावरच आहे, अहो!"

हे वाक्य तिने कधी भरलं, त्यांना ठाऊक नव्हतं. चष्मा नाकावरच होता, काचा ओल्या झालेल्या. तरी त्यांनी हात वर नेला आणि डोकं चाचपून पाहिलं.