घांगरिया, खोली नंबर अठरा

लालबागमधल्या त्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर अठरा खोल्या आहेत. गॅलरीची लांबी चोपन्न मीटर. ही लांबी दौलत पाटकरांनी टेपने स्वतः मोजली. एकशे पंच्याऐंशी खेपा घातल्या की दहा किलोमीटर होतात, हेही त्यांनीच काढलं. दहा किलोमीटर म्हणजे पुलना गावापासून घांगरियापर्यंतची चढण. घांगरियाच्या पुढे उत्तराखंडातली फुलांची दरी, राष्ट्रीय उद्यान.

तिथं त्यांच्या बायकोला, लक्ष्मीला, जायचं होतं. दादर स्टेशनाबाहेर तिनं एकतीस वर्षं हार ओवले. झेंडू, शेवंती, ॲस्टर, सगळी तोडून आलेली. त्या दरीत फूल तोडायला बंदी आहे, हे मुलीच्या, श्रेयाच्या मोबाइलवर वाचलं, तेव्हा तिनं ते पुन्हा एकदा वाचून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे सगळी तिथंच असतात?"

दिवाळीतच बेत ठरला. दौलत गिरणीत टाइमकीपर होते; तारखांचं खातं आपोआप त्यांच्याकडे आलं. त्यांनी फूलस्केप कागदावर रेघा मारल्या. आठ सप्टेंबरला मुंबई सोडायची, बारा तारखेला घांगरिया, तेराला गुडघ्यांना विश्रांती, चौदाला दरी, सतराला घरी. गावच्या गणपतीची त्या वर्षी त्यांची पाळी होती. भाऊभाऊ आलटून पालटून करत, आणि पाळीच्या वर्षी लक्ष्मीनं नैवेद्य चुकवल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"गणपती दरवर्षी अकरा दिवस अलीकडे येतात," दौलत म्हणाले. "परवा सत्तावीस ऑगस्टला झाले. पुढच्या वर्षी सोळा ऑगस्टच्या आसपास. करून, आवरून, आरामात निघू."

श्रेया इस्पितळाच्या लॅबमध्ये होती. तिथं वर्षाची रजा डिसेंबरातच ठरे. तिनं तारखा दिल्या, रजा मंजूर झाली. गुडघ्याच्या डॉक्टरांनी लक्ष्मीला सांगितलं, "येत्या वर्षी जाऊन या. त्यापुढचं मी आत्ता सांगत नाही."

तेव्हापासून लक्ष्मी गॅलरीत चालत होती. सकाळी वीस खेपा, संध्याकाळी वीस, पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये पाच किलो तांदूळ. पहिली खोली पुलना. सातवी वाटेतली जंगलचट्टी, बारावी भ्युंडार. अठरावी त्यांची स्वतःची, घांगरिया. त्यापुढे कठडा होता आणि कठड्यापलीकडे मोकळी हवा. तिथं ती क्षणभर थांबायची. खाली टेम्पो उभा असायचा, समोर टॉवरच्या काचांवर संध्याकाळचं ऊन. ते ऊन हळूहळू हिरवं व्हायचं. काचांमधून धुकं उतरायचं, धुक्यात निळं-जांभळं काहीतरी हलायचं, नदीचा आवाज यायचा. मग कुणाचा तरी कुकर शिट्टी द्यायचा आणि ती परत फिरायची.

जानेवारीतल्या एका सकाळी पुतळाबाई जिन्याशी, सातव्या खोलीसमोर, टोपली उतरवून बसली होती. वरळी कोळीवाड्यातून ती या मजल्यावर वीस वर्षं मासे घेऊन येते.

"आज कुठवर गो?"

"जंगलचट्टी."

"म्हणजे मी जंगलात बसलेय. बरंय. आणि जाणार कधी तू?"

"आठ सप्टेंबरला. गणपती करून."

पुतळाबाई पापलेट पुसता पुसता थांबली. "आठला? आठला तर श्रावण चालू हाय. माझी टोपली रिकामी."

"श्रावण तोवर संपतो गं."

"यंदा अधिक महिना हाय. सगळं पुढं गेलंय. बारा महिन्यांत एकच महिना मी आधी बघून ठेवते, तो श्रावण. तेवढ्यात माझं पोट अडतं. कॅलेंडर बघ जा."

कॅलेंडर खोलीत महिनाभर लटकत होतं. सप्टेंबरचं पान कुणी उलटलं नव्हतं. लक्ष्मीनं उलटलं. चौदा तारखेच्या चौकटीत गणपतीचं छोटं चित्र होतं.

दौलतांनी चष्मा लावून पाहिलं. मग काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. "अधिक महिना," ते म्हणाले. "माझ्या लक्षातच नाही."

श्रेयानं लॅबमध्ये विचारून पाहिलं. रजा बदलून मिळत नव्हती.

"राहू दे," लक्ष्मी म्हणाली. "पाळी आपली आहे. पुढच्या वर्षी बघू."

ती रागावली असती तर दौलतांना बरं वाटलं असतं. तिनं फक्त सॅक उघडली आणि तांदूळ डब्यात परत ओतले. त्या संध्याकाळी ती चालली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पुतळाबाईनं दारातून विचारलं, "जंगल बंद का?" लक्ष्मी हसली आणि सुरमई घेतली.

चौथ्या दिवशी भात शिजला, तो सॅकमधल्या तांदळाचा. दौलत जेवले, हात धुतले आणि गावी धाकट्या भावाला, लवूला, फोन लावला. लक्ष्मी ताटं आवरत होती.

"ह्या वर्साक तुजी वयनी येवची नाय. ती फुलांच्या दरीक जातली," दौलत म्हणाले.

 पलीकडून लवूचा आवाज, फोनबाहेरही ऐकू येईल एवढा. "मगे नैवेद्य कोण करतलो?"

"मी."

"तू? दादा, तुका चाय तरी करूक येता?"

"सप्टेंबराक आठ म्हयने आसत."

लवू हसत सुटला. हसणं थांबल्यावर म्हणाला, "वयनीक सांग, फुलांचो फोटो धाड."

दौलतांनी फोन ठेवला. लक्ष्मी ताटं हातात घेऊन तशीच उभी होती.

"अहो, तुम्हालाही जायचं होतं ना?"

"हिशोब माझा चुकला. तू आणि श्रेया जा." त्यांनी फूलस्केप कागद काढला. प्रत्येक तारखेच्या रांगेतलं स्वतःचं नाव पट्टी धरून खोडलं. "उकडीला पाणी किती, ते सांग. लिहून घेतो."

"लिहून नाही येत ते. हातानं कळतं."

रविवारी दुपारी दौलतांनी पहिली उकड काढली. ती गोळा होईना. दुसरी चिकटली. संध्याकाळी पाचला तिसरी जमली. लक्ष्मीनं तोवर पाच किलो तांदूळ मोजून सॅकमध्ये भरले होते. ती पुलनाला जाऊन वळली, चालत आली. जंगलचट्टी, भ्युंडार. घांगरियाच्या दारात दौलत पिठाळ हातांनी बशी घेऊन उभे होते. बशीत एक मोदक, बाजूनं फुटलेला, गूळ बाहेर आलेला.

तिनं कठड्याशी उभं राहून खाल्ला. समोरच्या काचा हिरव्या व्हायला लागल्या होत्या.

"कसा आहे?"

"मीठ विसरलात," लक्ष्मी म्हणाली. बशी त्यांच्या हातात दिली, सॅकचा पट्टा खांद्यावर सारखा केला आणि पुढच्या खेपेला निघाली.