चिठ्ठीवरची शेळी

मित्रांनो, मी मेंढीच्या पायाचे एक जुने हाड आहे. संग्रहालयाच्या अस्थिविभागात, तिसऱ्या कपाटाच्या तळच्या खणात राहतो, आणि मला फार भीती वाटते. हाडांना घाम सुटत नाही म्हणून बरे. नाहीतर पुठ्ठ्याची पेटी केव्हाच भिजली असती.

भीतीचे कारण माझ्या अंगालाच बांधले आहे. चिठ्ठीवर लिहिले आहे : शेळी.

हाडे उकळून स्वच्छ करणाऱ्या गृहस्थांना सगळे उकडेमामा म्हणत. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी एका मेंढीचा आणि एका शेळीचा पाय एकाच पातेल्यात घातला. कुणी टोकले तर म्हणाले, "अहो, शेळी काय न् मेंढी काय, पाण्याला सारखीच!" मग अंदाजाने चिठ्ठ्या बांधल्या. मी शेळी झालो, शेजारच्या पेटीतली शेळी मेंढी झाली.

माझे काम सोपे. जमिनीखालच्या एका प्राचीन गावाची हाडे निघाली, की आमच्या विभागाचे प्रमुख, म्हणजे सर, ती ओळखण्यासाठी माझ्याशेजारी ठेवत. जुळली, की वहीत लिहीत : शेळी. अशा सहाशे मेंढ्या माझ्यामुळे शेळ्या झाल्या. ओरडावेसे वाटे, पण तोंडाची हाडे दुसऱ्या कपाटात.

त्याच गावात लोकर कातायच्या मातीच्या चकत्या ढिगाने सापडल्या. मेंढी एक नाही, मग लोकर कुठली? सरांनी जाडजूड पुस्तक लिहिले : लोकर परगावाहून येत असे. सत्कार झाला. टाळ्या खणापर्यंत ऐकू आल्या. मी पेटीच्या कोपऱ्यात अंग चोरून पडलो. आज ना उद्या हे उघडे पडणार, आणि मी कचऱ्याच्या टोपलीत जाणार!

सर निवृत्त झाले. त्यांची विद्यार्थिनी विभाग सांभाळू लागली. तिला सगळे ताई म्हणतात. गेल्या महिन्यात तिने खाटकाकडून मेंढीचा पाय आणला, वेगळ्या पातेल्यात उकळला आणि ते हाड माझ्याशेजारी ठेवले. जुळी भावंडे!

"मेले मी!" ताई पुटपुटली. ती माझ्याहून पांढरी पडली होती. खोलीत दुसरे कुणी नव्हते. तिने मला उचलले. खाली कचऱ्याची टोपली. बोटे सैल सोडली असती, तर चूक मिटली असती, आणि मीही.

मग दुसऱ्या हाताने तिने फोन लावला.

"सर, रागावू नका. आपली शेळी मेंढी निघाली."

पलीकडे पुस्तकाची पाने सळसळली.

"म्हणजे त्या चकत्या..."

"हो सर. लोकर गावातलीच."

"तीस वर्षं झोप उडवली गं त्या चकत्यांनी माझी!"

"मग हे हाड टाकून देऊ?"

"हाड टाकतेस? वेडी का खुळी! माझं पुस्तक टाक. आणि ती सहाशे हाडं पुन्हा काढून ठेव, मी निघालोच."

ताईने 'शेळी'वर एकच रेघ ओढली, शेजारी 'मेंढी' लिहिले, तारीख घातली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंच्या चिठ्ठ्या जपा. आणि चूक सापडली, तर गिरवून काळी करू नका. एकच रेघ ओढा. आपण कुठे ठेचकाळलो, ते मागून येणाऱ्याला वाचता आले पाहिजे.

माझी भीती गेली, असे म्हणत नाही. खण उघडला की अजून दचकतो. पण मेंढीच मी. आता निदान स्वतःच्या नावाने घाबरतो.