सरांचे तीन बुधवार

विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात ती कार्यक्रम अधिकारी होती, पण अधिकार म्हणावा असा तिच्याकडे एकच होता. ऑनलाइन कार्यक्रमात कोणाचा आवाज चालू ठेवायचा आणि कोणाचा बंद करायचा, हे ती ठरवायची. बाकी सगळं वरून ठरून यायचं. यंदाचा प्रदर्शनांचा हंगामही तसाच ठरून आला. तळमजल्यावर जुने नकाशे, जिन्याजवळच्या गॅलरीत विद्यार्थ्यांची कामं आणि वरच्या दोन मोठ्या दालनांत सरांची पन्नास वर्षांची चित्रं. जोडीला दर पंधरवड्याला, बुधवारी सकाळी अकरा वाजता, एक ऑनलाइन कार्यक्रम. पहिला मान सरांचा.

सर म्हणजे तिचेच सर. याच विद्यापीठात त्यांनी तीस वर्षं चित्रकला शिकवली होती. ती वर्गात काढायची कमी आणि खोडायची जास्त, म्हणून त्यांनी तिचं नाव खोडरबर ठेवलं होतं. पुढे चित्रकार काही ती झाली नाही. पण प्रदर्शनाचं निघालं तेव्हा विचारायला संचालकाने तिलाच पाठवलं, आणि सरांनी अर्ध्या मिनिटात होकार दिला. वर म्हणाले, "इतकी वर्षं झोपला होतात की काय सगळे?"

नंतरचे आठ महिने चौकटी बसवण्यात, विम्याच्या कागदपत्रांत आणि चित्रांशेजारच्या पाट्यांचा मजकूर तपासण्यात गेले. फोनवर बोलणं व्हायचं ते सरांच्या मुलीशी. तिला सगळे ताई म्हणत. आई गेल्यापासून ताई वडिलांपाशीच राहत होती, आणि धाकटा भाऊ दूर देशी नोकरीला होता.

पहिल्या कार्यक्रमाला दहा दिवस राहिले असताना ती संमतीपत्रावर सही घ्यायला सरांकडे गेली. सरांनी सही केली, पूर्वीसारखीच झोकदार, शेवटचं अक्षर वळवून खाली एक लांब रेघ. ती कागद उचलणार तोच त्यांनी त्या सहीखाली दुसरी सही केली. मग तिसरी. तिला वाटलं, सर थट्टा करताहेत. कागद भरेपर्यंत ते सह्या करत राहिले, आणि जागा संपली तेव्हा पेन टेबलाच्या लाकडावर टेकवलं. ताईने त्यांच्या बोटांतून ते अलगद सोडवून घेतलं आणि त्या जागी चहाचा कप दिला. रोजची सवय असावी तसं.

दाराशी ताई हलक्या आवाजात म्हणाली, "सकाळी बरे असतात गं. अकराला काही होत नाही. रोज विचारतात, कधी आहे म्हणून. तू कोणापाशी बोलू नकोस."

ती बोलली. न बोलून चालणार नव्हतं. संचालक माणूस वाईट नव्हता. त्याने चष्मा काढून सगळं ऐकून घेतलं. पण पत्रकं वाटून झाली होती आणि साडेतीनशे जणांनी नावं नोंदवली होती. शेवटी त्याने तासाचा कार्यक्रम अर्ध्या तासावर आणला, प्रेक्षकांचे थेट प्रश्न काढून टाकले, आणि म्हणाला, "तुम्ही आहात ना मॅडम. सांभाळून घ्या."

पहिल्या बुधवारी सर इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पडद्यावर आले. दाढी गुळगुळीत, केस विंचरलेले. पहिली दहा मिनिटं सर फक्कड बोलले. पहिली ब्रशाची पेटी, रंग खायला उठलेलं घरमालकाचं बकरं, एकाच कॅनव्हासवर सात चित्रं कशी काढली ते. मग तिने ठरल्याप्रमाणे प्रदर्शनातलं सगळ्यात मोठं चित्र पडद्यावर आणलं. गच्चीवर कपडे वाळत घालणारी पाठमोरी बाई. सरांच्या बायकोचंच ते चित्र.

सरांनी ते नीट पाहिलं. मान एकीकडे कलती करून, वर्गात पाहायचे तसं.

"खांदा बघा," ते म्हणाले. "हा खांदा हिचा नाहीये. कुठून तरी आणून चिकटवलाय. आणि इथे पिवळा का आला? काय करावं सुचलं नाही, म्हणून आला. कोणाचं आहे हे?"

पडद्याच्या कडेने प्रेक्षकांनी पाठवलेली हसऱ्या चेहऱ्यांची आणि टाळ्यांची चिन्हं वर चढू लागली. लोक लिहीत होते, वा, काय नम्रता. स्वतःच्या कामाची अशी चिरफाड करायला छाती लागते. तीही हसली. साडेतीनशे माणसं हसत असताना सूत्रधाराने गंभीर बसून कसं चालेल? पण सर हसत नव्हते. ते वर्गातल्या बाकांवरून नजर फिरवावी तसे पडद्यावर काहीतरी शोधत होते.

"कुठे बसलाय तो?"

सर उत्तराची वाट बघत थांबले. कोणीतरी बोलायला हवं होतं, म्हणून तीच बोलली.

"आज आला नाहीये, सर."

"मग पुढच्या वेळी. त्याला म्हणावं, घाई करू नकोस. पुन्हा काढून आण."

दुसऱ्या दिवशी संचालक स्वतः तिच्या टेबलापाशी आला. इतक्या वर्षांत तो असा कधी आला नव्हता. दोन वर्तमानपत्रांनी दखल घेतली होती, कुलगुरूंचा फोन येऊन गेला होता. सरांचे आणखी तीन कार्यक्रम करायचे, मालिकेचं नावच ठेवायचं, 'पुढच्या वेळी'. तिने पुन्हा एकदा सह्यांच्या कागदाची आठवण करून दिली. तो म्हणाला, मग काल इतकं सुरेख कसं बोलले? हे तिला समजावून सांगता येईना. काल जे झालं ते चांगलं झालं नव्हतं, हे ज्याने पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या, त्याच्यापुढे कसं मांडायचं?

तिची सगळी भिस्त ताईवर होती. ताई नाही म्हणाली असती तर विषयच संपला असता. ताई हो म्हणाली. कार्यक्रम झाल्यापासून जुन्या विद्यार्थ्यांचे फोन येत होते, कोणी कोणी घरी येऊन बसत होतं. ज्या भावाचा दोन-दोन महिने पत्ता नसायचा, त्याने आपणहून फोन करून वडिलांशी वीस मिनिटं गप्पा मारल्या होत्या. "या घरात माणसांचा आवाज किती दिवसांनी झाला माहितेय तुला?" ताईने विचारलं. पुढची तारीख सांगून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या बुधवारी पाचशे जण होते. सरांनी पुन्हा खांद्याचं सांगितलं, पुन्हा पिवळ्याचं, तेही दोनदा. मधे एकदा वाक्य अर्ध्यावर सोडून ते स्वतःच्या बोटांकडे बघत बसले, तेव्हा तिने पटकन पुढचं चित्र आणलं आणि त्यावर आपणच पाच मिनिटं बोलली. कार्यक्रम निभावला. तिचा कुर्ता घामाने पाठीला चिकटला होता. लोकांनी मात्र लिहिलं होतं की सर आज थोडं कमी बोलले, पुढच्या वेळी त्यांना जास्त बोलू द्यावं.

तिसऱ्या बुधवारी सर सुरुवातीपासूनच चित्रांकडे बघेनात. पडद्याच्या कोपऱ्यात त्यांचा स्वतःचा चेहरा दिसायचा, लहानशा चौकटीत. त्यांची नजर तिथे खिळली होती.

"हा म्हातारा कोण?" त्यांनी विचारलं. "मघापासून माझ्याकडे बघतोय."

सातशे लोक होते. पडदा हसऱ्या चेहऱ्यांनी भरून गेला. तिने सरांना त्यांच्या आवडत्या निळ्याबद्दल विचारलं, पण त्यांना ते ऐकू गेलं नाही.

"याला जायला सांगा. ताई, दार कोणी उघडं ठेवलं? हा आत कसा आला?"

आवाज कापत होता. त्यांनी हात वर केला, चौकटीतल्या म्हाताऱ्यानेही केला, तसे ते खुर्चीत मागे सरकले. हसरे चेहरे चढतच होते. तेवढ्यात संचालकाचा संदेश आला, छान रंगलंय, चालू राहू द्या. पडद्यात ताईचा हात आला, सरांच्या खांद्यावर टेकला, आणि सरांनी तो झटकला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं तिला स्वच्छ दिसत होतं. मग ते सातशे जणांना दिसत नव्हतं का?

तिने सरांचा आवाज बंद केला. मग चित्रही बंद केलं, आणि तांत्रिक अडचणीमुळे आपण इथेच थांबत आहोत, क्षमस्व, असं सरळ खोटं बोलली. सर घाबरल्यापासून आवाज बंद करेपर्यंत तिने पावणेदोन मिनिटं जाऊ दिली होती. रेकॉर्डिंगवर वेळ दिसते, ती तिने नंतर पाहिली.

संचालकाला तिने त्याच दुपारी गाठलं. या वेळी त्याला समजावायला काही लागलं नाही. त्याने पुन्हा एकदा रेकॉर्डिंग लावलं, आवाजाशिवाय, आणि मधेच थांबवलं. चौथा कार्यक्रम रद्द झाला, कारण दिलं प्रकृतीचं. तिन्ही रेकॉर्डिंगं संग्रहालयाच्या पानावरून संध्याकाळच्या आत काढली. पण 'हा म्हातारा कोण' एवढा तुकडा कोणीतरी आधीच कापून घेतला होता, आणि तो हातोहात फिरत होता. तिने दिसेल तिथे विनंत्या पाठवल्या. एका ठिकाणाहून निघाला की चार ठिकाणी उगवायचा. कोणी खाली हसण्याचं संगीत घातलं, कोणी आपल्या आजोबांची आठवण लिहिली. वाईट हेतू कोणाचाच नव्हता, त्यामुळे भांडायचं तरी कोणाशी?

तो तुकडा भावानेही पाहिला. त्याने ताईला फोन करून विचारलं, हे कधीपासून चाललंय आणि मला का नाही सांगितलं. बराच बोलला म्हणे. ताईने हे तिला सांगितलं ते तक्रारीच्या सुरात नाही, भाजी महागली सांगावं तसं. शेवटी म्हणाली, "चूक माझीच गं. मीच म्हटलं होतं, अकराला बरे असतात." ती चटकन म्हणाली, "नाही, चूक माझी."

प्रदर्शन उतरवायच्या आदल्या सोमवारी, संग्रहालय बंद असताना, ताई सरांना घेऊन आली. त्यांनी प्रदर्शन अजून पाहिलंच नव्हतं. तिने लिफ्टपाशी चाकांची खुर्ची तयार ठेवली होती, पण सर काठी टेकत चालतच निघाले. हात मागे बांधता येत नव्हते म्हणून एक हात मागे, एक काठीवर. ते प्रत्येक चित्रापुढे थांबले. परक्याच्या घरी गेल्यावर भिंतीवरचे फोटो बघावेत तसे, सभ्यपणे, ठरावीक वेळ. कपडे वाळत घालणाऱ्या बाईपुढेही तेवढाच वेळ. ताई चित्राकडे बघतच नव्हती, ती वडिलांच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि तिथे काही हललं नाही.

दुसऱ्या दालनात सर दमले. तिने रक्षकाची खुर्ची ओढून दिली. ते चित्रांकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून बसले. तिला बोलायचं होतं. माफी मागायची म्हणून आठवडाभर मनात वाक्यं जुळवली होती. पण ती मागायची कोणाकडे?

थोड्या वेळाने सरांनीच तिच्याकडे पाहिलं.

"तुमचं इथे काय काम असतं?"

"लोकांना चित्रं दाखवते, सर."

"बघतात?"

"बघतात."

"बरं," सर म्हणाले, आणि ताईला विचारलं, घरी जायला उशीर तर होत नाहीये ना. ताई खाली वाकली, त्यांच्या बुटाची सुटलेली नाडी बांधू लागली. ती सरांची काठी धरून शेजारी उभी राहिली.