माझे पाय कापले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे, आणि स्वस्थता म्हणजे काय ते मला जन्मापासून माहीत नाही. त्याला कारण नागोजी सुतार. १९७४ साली निपाणीत त्याने मला खानापूरच्या सागवानातून घडवले, रंधा मारून गुळगुळीत केले आणि एक पाय बोटभर आखूड ठेवला. "बसंल हळूहळू," असे म्हणून तो निघून गेला. मी काही बसलो नाही. कोणी आडवे झाले की डुगडुग, उठले की डुगडुग.

मला करून घेतले होते डॉक्टर जयाने, दवाखान्यासाठी. तिची आई पारूबाई विड्या वळायची. जया मात्र शिष्यवृत्तीवर विलायतेला गेली आणि ऑस्टिओपॅथी शिकून आली. म्हणजे हाडे, सांधे, स्नायू हातांनी चाचपायचे आणि आखडलेले हातांनीच सैल करायचे. एवढे शिकून आली ती अंग चोळायला, म्हणून गल्लीतल्या बायका आधी हसल्या. पुढे त्याच बायका माझ्यावर पालथ्या झोपायला रांग लावू लागल्या. मला फार अभिमान वाटायचा.

सगळ्यांत जास्त वेळा आली गंगव्वा. मांडीवर सूप, सुपात पाने आणि तंबाखू, मान खाली, अशी ती दिवसभर भिंतीकडेला विड्या वळत बसायची. मानेत गाठी होत्या आणि उजव्या हाताची दोन बोटे बधिर होत चालली होती. जया मान सैल करी, मग तिला डोळे मिटायला सांगून बोटांना टाचणी टोची.

"कळलं काय?"

"न्हाय गं. मेल्यागत हाईत."

"मावशी, आठ दिवस सूप हातात धरू नको."

"आन् खाऊ काय? बोटं गेली की विडी गेली, विडी गेली की मी गेले. तू मान बघ."

बरे वाटले की ती जायची आणि पंधरा दिवसांत तीच गाठ घेऊन यायची. मला राग येई. मग आमचा उपयोग काय? जयालाही तेच डाचत होते. पाच वर्षांच्या नोंदी तिने एकदा पसरून पाहिल्या. विड्या वळणाऱ्या बहुतेक बायकांची मान एकाच जागी आखडलेली होती.

"मी एक मान सोडवते, तवर गल्लीत धा आवळत्यात," ती पारूबाईला म्हणाली. "आता अख्ख्या गल्लीचं औषध शिकाय पायजे."

१९७९ साली दवाखान्याला कुलूप लावून ती मुंबईला गेली, सार्वजनिक आरोग्याची पदवी घ्यायला. किल्ली पारूबाईकडे होती; तिने माझ्यावर पानांचे गठ्ठे रचले. गंगव्वा खिडकीशी येऊन विचारायची, "जया कवा येणार?" दिवाळीनंतर तिचे तिसरे बोटही बधिर झाले. इथे माणसाची बोटे चाललीत आणि ही पुस्तके वाचत बसलीय, असे माझ्या मनात येई. जयावर मी खरोखर चिडलो होतो.

परत आली ती बारा खुर्च्या घेऊनच. बायका खूश झाल्या. खुर्चीवर चढल्या, पाय वर घेऊन मांडी घातली, मांडीवर सूप ठेवले आणि पहिल्यासारखीच मान खाली घातली. जयाने कपाळाला हात लावला.

"पाय लोंबकळलं की हात चालत न्हाय, जया," गंगव्वा म्हणाली. "तू मानंचं शिकलीस. मांडीचं आमाला इचारलंस कुठं?"

जया ओशाळली. मग तिने गंगव्वाला जमिनीवर बसवले, सूप दिले आणि पाठीवर हात ठेवून काम करायला सांगितले. खाली पाट सरकवला, मग त्यावर घडी केलेले घोंगडे. बैठक वीतभर उंच झाली, सुपाखाली उशी आली, तशी पाठ सरळ झाली आणि मान आपोआप वर आली. ते जयाच्या हातांना कळले. तिने इकडेतिकडे पाहिले आणि तिची नजर माझ्यावर थांबली.

"नागोजीमामांना बोलवा."

मी हादरलो. पाच वर्षे सेवा केली, तिचे हेच बक्षीस? नागोजीने करवत काढली आणि चारही पाय वीतभर ठेवून कापले. वाईट वाटले नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. पण यावेळी पाय सारखे आले आणि माझी डुगडुग गेली. फक्त करवत घसरून काठाखाली एक कुसळ राहिले.

आता उपचार चटईवर होतात आणि माझ्यावर चौघी विड्या वळतात. गंगव्वाच्या मानेवर जयाचा हात आठवड्यातून दोनदा फिरतोच. असे सात महिने गेल्यावर एका दुपारी गंगव्वा माझ्या काठाला धरून उठत होती. तिने झटक्यात उजवा हात मागे घेतला. मला लाज वाटली. ती बोटाकडे बघत राहिली. मग डोळे मिटून तेच बोट तिने पुन्हा कुसळावर दाबले.

"जया," ती हळूच म्हणाली, "टोचतंय गं."

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी दिवसभर मान खाली घालून राबत असेल, तर त्यांची मान जरूर चोळा. पण ते कशावर बसतात तेही बघा, आणि त्यांनाच विचारा. मी अजून बेचैनच आहे, कारण माझ्यावर चौघीच मावतात आणि गल्लीत बायका साठ आहेत. आणखी बाक करायला नागोजी कालच आला होता. जाता जाता माझे कुसळ तासायला त्याने पटाशी काढली. गंगव्वाने त्याला हात लावू दिला नाही.